गावातल्या जुन्या गिरणीचा इतिहास शोधायचाय? मग नावाच्या नाही, जागेच्या मागे लागा

आपल्याकडे तालुक्या-जिल्ह्याच्या बऱ्याच शहरांत एक तरी जुनी गिरणी किंवा जिनिंग-प्रेसिंग, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना, असतेच, भिंतीतून पिंपळ उगवलेला, धुराडं अजून उभं, आणि आख्खं गाव पत्ता सांगताना "मिलच्या मागे", "जीनसमोर" असंच सांगतं, पण ती बांधली कुणी, कधी, बंद का पडली हे विचारलं की तीन माणसं तीन वर्षं सांगतात. गंमत म्हणजे बहुतेक वेळा तिघंही खरं बोलत असतात, फक्त तिघांच्या डोक्यात तीन वेगळ्या घटना असतात. कंपनी काढली ते एक वर्ष, गिरणी प्रत्यक्ष सुरू झाली ते दुसरं, आणि आज आपण जी इमारत बघतोय ती बांधली ते तिसरंच. नागपूरच्या एम्प्रेस मिलचंच बघा, जमशेटजी टाटांनी कंपनी काढली १८७४ मधे, गिरणी सुरू झाली १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी, म्हणून नाव एम्प्रेस. पण कंपनीचं कागदावरचं नाव होतं सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी. आता तुम्ही जुन्या कागदात नुसतं "एम्प्रेस" शोधत बसलात तर अर्धे कागद हातातून सुटणार.

म्हणून पहिल्यांदाच सांगतो, नाव फसवतं. मालक बदलला की नाव बदलतं, सरकारने ताब्यात घेतली की बदलतं, लोकांच्या तोंडी तर भलतंच असतं. जागा मात्र तिथेच असते आणि जागेचा नंबर धरून मागे मागे जाता येतं, कसं ते पुढे सांगतो.

पण कागदाच्या आधी माणसं गाठा. कागद पुढच्या वर्षीही कपाटात असतील, पंच्याऐंशी वर्षांचे आजोबा असतीलच असं नाही. मी सुरुवातीला उलटं केलं, दोन महिने ऑफिसांच्या चकरा मारल्या, आणि ज्यांना भेटायचं होतं ते बॉयलरवर काम केलेले गृहस्थ तेवढ्यात गेले. त्याची खंत अजून आहे.

भेटायला गेलं की "गिरणी कधी सुरू झाली" असं विचारू नका, ते त्यांच्या जन्माआधीचं असतं, ते ऐकीव काहीतरी सांगतात आणि मग तेच गावभर होतं. विचारायचं ते त्यांनी स्वतः पाहिलेलं. भोंगा किती वाजता व्हायचा, किती वेळा व्हायचा, तुम्ही कुठल्या खात्यात, तुमच्या खात्यातून बाहेर पडलं की समोर काय दिसायचं, जॉबर म्हणजे मुकादम कोण, बदलीवाल्यांना, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी रोजावर येणाऱ्यांना, उभं कुठे करायचे, पगार कुठल्या खिडकीत व्हायचा. एका आजोबांनी माझ्या सगळ्या प्रश्नांना "आता आठवत नाही बाबा" केलं होतं, शेवटी उठता उठता भोंग्याचं विचारलं तर ते सरळ होऊन बसले, पहिला भोंगा उठायचा, दुसरा निघायचा, तिसऱ्याला गेट बंद, आणि मग माझ्या वहीत बोटाने गेट काढलं, गेटपासून रिंग खात्यापर्यंतची, म्हणजे सूत कातायच्या खात्यापर्यंतची, वाट काढली, मधे पाण्याचा हौद काढला. तो हौद आज बुजलेला आहे, नंतर जाऊन बघितलं तर तिथली जमीन खरंच खचलेली. त्यामुळे कोरा कागद आणि पेन्सिल बरोबर ठेवाच, बोलण्यातून जे येत नाही ते हातातून येतं. रेकॉर्डिंग करणार असाल तर आधी विचारा, आणि घरात जुना बिल्ला, पगाराची चिठ्ठी, पीएफची स्लिप, निरोप समारंभाचा ग्रुप फोटो असं काही आहे का तेही विचारा, पीएफच्या स्लिपवर कंपनीचं त्या वर्षीचं बरोबर नाव सापडतं.

कामाचे तास पण विचारून घ्या, वडिलांचे-आजोबांचे सुद्धा. फॅक्टरी कायदा १९२२ ला आठवड्याचे ६० तास, १९३४ ला ५४ तास आणि १९४६ ला ४८ तास असा उतरत गेलाय, त्यामुळे "आमचे वडील दहा तास भरायचे" असं कुणी म्हणालं तर ती गोष्ट साधारण स्वातंत्र्याच्या आधीची हे धरून चालता येतं. नक्की तारीख नाही मिळत, पण काळ समजतो.

आता इमारत. आत जायचं तर परवानगी घेऊनच, मालक, वॉचमन, लिक्विडेटर (बुडालेल्या कंपनीची मालमत्ता ताब्यात घेणारा अधिकारी) जो कोण असेल त्याची, आणि एकट्याने अजिबात नाही. वरच्या मजल्याच्या लाकडी फळ्या कुजलेल्या असतात, खालून कळत नाही. सिमेंटचे जुने पत्रे म्हणजे अॅस्बेस्टॉस असायची शक्यता मोठी, फुटलेले तुकडे हाताळू नका, झाडू नका, त्याची धूळ फुफ्फुसात जाते.

आत शिरल्यावर आधी फोटो काढत सुटू नका, वर बघा. दातेरी करवतीसारखं छप्पर असेल तर त्याच्या काचा कुठल्या दिशेला आहेत ते बघा, बहुतेक उत्तरेला असतात, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा पडतो, ऊन थेट येत नाही, आणि तुटलेला धागा दिसायला तसाच उजेड लागतो. म्हणजे ते शेड बहुतेक विणकामाचं, साचे म्हणजे माग तिथे होते. दोन-तीन मजली उंच इमारत, ओळीने खिडक्या, मधे खांबांच्या रांगा, ती कताईची. जिथे कमानी मोठ्या, भिंती जाड आणि शेजारी धुराडं तिथे बॉयलर आणि इंजिन. खांबांवर किंवा भिंतीत उंचावर लोखंडी ब्रॅकेट दिसले तर तिथून शाफ्ट, म्हणजे फिरणारा लांब लोखंडी दांडा, जात होता, एक मोठं इंजिन फिरायचं आणि पट्ट्यांवर आख्खं खातं चालायचं. ब्रॅकेट कापून टाकलेत आणि प्रत्येक मशीनखाली वेगळा सिमेंटचा चौथरा आहे असं दिसलं तर नंतर प्रत्येक मशीनला आपापली मोटर आली असणार. विजेचा असा बदल भिंतीवर वाचता येतो, मला स्वतःला या कामातला सगळ्यात आवडता भाग हाच आहे.

मग खांब. गोल, पोकळ, वर थोडं नक्षीकाम असेल तर बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा खांब, इंग्रजी आय अक्षरासारखा गर्डर असेल तर पोलाद. दोन्हीवर नावं असू शकतात पण चुन्याच्या दहा थरांखाली गेलेली असतात. खरवडू नका आणि तारेचा ब्रश तर मुळीच लावू नका. संध्याकाळी जा, टॉर्च खांबाला जवळजवळ टेकवून तिरका धरा, समोरून नाही. सपाट वाटणाऱ्या रंगातून अक्षरांच्या कडांची सावली पडते. मी पहिल्यांदा असं केलं तेव्हा आधी नुसते दोन उंचवटे दिसले, टॉर्च अजून खाली नेल्यावर एक एक अक्षर करत बोल्टन असं उमटलं, इंग्लंडमधलं बोल्टन, शंभर वर्षं लोक त्या खांबाला टेकून बसले असतील आणि ते नाव तिथे होतं. पातळ कागद वर ठेवून पेन्सिल आडवी घासली की ठसा पण मिळतो. गिरण्यांची यंत्रं बहुतेक लँकेशायरची, ओल्डहॅमची प्लॅट ब्रदर्स, बोल्टनची डॉब्सन अँड बार्लो, अॅक्रिंग्टनची हॉवर्ड अँड बुलो, ही नावं डोक्यात असली की अर्धवट अक्षरं पण जुळवता येतात. गर्डरवर डॉर्मन लाँग दिसेल, तो मिडल्सब्रोचा. टाटा दिसलं तर गर्डर १९१२ च्या आधीचा असू शकत नाही, कारण जमशेदपूरला पोलाद पहिल्यांदा निघालं त्या वर्षी. बघा, एका शब्दावरून एका शेडची खालची मर्यादा ठरली.

फक्त एक, खालची मर्यादा म्हणजे बांधल्याचं वर्ष नव्हे. इथे मी चुकलोय म्हणून सविस्तर सांगतो. मंगलोरी कौलांवर पाठीमागे "बासेल मिशन टाइल वर्क्स १८६५" असा ठसा असतो, मी ते कौल हातात घेतलं आणि शेड १८६५ चं असं लिहून मोकळा झालो, लोकांना सांगूनही झालं. १८६५ हे मंगळूरचा तो कारखाना सुरू झाल्याचं वर्ष आहे, कौलाचं नाही, तोच ठसा पुढे कित्येक वर्षं उठत राहिला. शिवाय कौलं एका शेडवरून काढून दुसऱ्यावर सर्रास चढवतात. दारावरच्या दगडी पाटीचंही तसंच, पाटीवर कंपनी स्थापनेचं वर्ष असू शकतं आणि पाटी पन्नास वर्षांनी बसवलेली. म्हणून एका खुणेवर कधीच विसंबू नका, दोन वेगळ्या जातीच्या खुणा एकमेकींना दुजोरा देत असतील तरच लिहा.

बॉयलर जागेवर असेल तर नशीब समजा. १९२३ च्या बॉयलर कायद्याने प्रत्येक बॉयलरची नोंदणी सक्तीची झाली आणि तो नोंदणी नंबर बॉयलरवर कायमचा कोरावा लागतो. तो नंबर घेऊन राज्याच्या बाष्पके संचालनालयाकडे माहिती अधिकारात अर्ज करता येतो. जिनिंग-प्रेसिंग असेल तर गाठीवरचा मार्क शोधा, १९२५ च्या कायद्याने प्रत्येक प्रेसला स्वतःचा मार्क आणि गाठींना क्रमांक घालणं बंधनकारक झालं. मार्काचे पत्र्याचे छापे, स्टेन्सिल, कुठल्यातरी कोपऱ्यात गंजत पडलेले असतात, भंगारवाल्याच्या आधी तुम्ही पोचा म्हणजे झालं.

आता जागेच्या मागे लागायचं. शहरात असेल तर नगर भूमापन ऑफिस, म्हणजे लोक ज्याला सिटी सर्व्हे म्हणतात ते, तिथून मालमत्ता पत्रक काढा. त्यावर आजचा सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्र, धारणाधिकार, आणि खाली एकाखाली एक फेरफारांच्या नोंदी, कुणाकडून कुणाकडे, कधी, कशाने. हे नीट वाचायला वेळ द्या, इतिहासाचा कणा इथेच आहे. मालमत्ता पत्रक सिटी सर्व्हे झाला तिथपासूनचंच असतं, त्याच्या मागे जायचं तर त्या वेळची चौकशी नोंदवही मागायची, तिच्यात जुना सर्व्हे नंबर मिळतो, मग त्या सर्व्हे नंबरचे जुने सातबारे आणि फेरफार तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून. मधे जमिनींचं एकत्रीकरण झालेलं असेल, म्हणजे तुकडे जोडून गट केलेले असतील, तर गट नंबर येतो, गोंधळून जाऊ नका, एका कागदावर तिन्ही नंबर शेजारी शेजारी लिहून तो कागद कायम खिशात ठेवा. बऱ्याच जिल्ह्यांचं जुनं रेकॉर्ड स्कॅन होऊन 'आपले अभिलेख' पोर्टलवर आलंय, आधी तिथे बघा, चक्कर वाचते. विदर्भात असाल तर नझूलची, म्हणजे शहरातल्या सरकारी जमिनीची, शीट असते, ती वेगळी मागायची.

शेतीची जमीन बिनशेती कधी झाली त्याचा आदेश मिळाला तर फार मोठं काम झालं, कारण इमारत उभी राहिली ती साधारण त्याच्या आगेमागेच. आणि जागा सरकारी भाडेपट्ट्याची होती का हे बघायला विसरू नका, कारण भाडेपट्ट्याच्या अटींमधे काय बांधायचं, किती वर्षांत बांधायचं हे लिहिलेलं असतं, बंद पडल्यानंतरचं भांडणही बऱ्याचदा त्यातूनच सुरू होतं. खरेदीखतं, गहाणखतं दुय्यम निबंधकाकडे, तिथे इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्तांची सूची, मागायचा. गहाणखताचा कंटाळा करू नका, बँकेकडे गहाण ठेवताना इमारती, यंत्रं, कधी कधी चात्या (सूत कातायच्या स्पिंडल) आणि साच्यांचे आकडे सुद्धा परिशिष्टात येतात.

जुने फेरफार मोडीत असतील. मोडी वाचणारी माणसं अजून आहेत, मोडीचे वर्ग पण चालतात, फोटो काढून पाठवला की होतं काम. मराठवाड्यात निजामाच्या काळातले कागद उर्दूत मिळतील. इथेच एक गोष्ट आधी ठरवून घ्या की ती गिरणी सुरू झाली तेव्हा तुमचं गाव कुणाच्या राज्यात होतं. सोलापूर, खानदेश, नगर मुंबई इलाख्यात, नागपूर मध्य प्रांताकडे, वऱ्हाडही १९०३ पासून तिकडेच, औरंगाबाद-नांदेड निजामाकडे, कोल्हापूर संस्थान, कारण जुने कागद त्या त्या राजधानीच्या दिशेने गेलेत. कोल्हापूरची शाहू मिल १९०६ ची, छत्रपती शाहू महाराजांनी काढलेली, तिचे धागेदोरे मुंबईत शोधण्यात अर्थ नाही, कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आधी बघायचं. किर्लोस्करवाडी १९१० मधे उभी राहिली ती औंध संस्थानात. पुराभिलेख संचालनालयाचं मुख्य ठिकाण मुंबईत, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, आणि पुणे, कोल्हापूर, नागपूर, औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) पण कार्यालयं आहेत.

कंपनीचं खरं नाव जमिनीच्या कागदातून हाताला लागलं की मग कंपनीच्या मागे जा, आधी नाही. कंपनी अजून नोंदणीवर असेल तर तिचा एकवीस अक्षरी-आकडी सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, कंपनी मंत्रालयाच्या साइटवर फुकट दिसतो, त्यातले मधले चार आकडे म्हणजे नोंदणीचं वर्ष. कधी कधी इथे धक्के बसतात, अमळनेरला २९ डिसेंबर १९४५ ला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाने वनस्पती तुपाची कंपनी नोंदली गेली, तीच आजची विप्रो. कंपनी बुडीत निघाली असेल तर कागद मुंबई हायकोर्टाच्या ऑफिशियल लिक्विडेटरकडे, आणि तिथे कामगारांच्या देण्यांच्या याद्या पण असतात, माणसं शोधायला त्याचा उपयोग होतो.

गिरणी सरकारने ताब्यात घेतलेली असेल, गावात "एनटीसीची" (नॅशनल टेक्स्टाइल कॉर्पोरेशन या सरकारी महामंडळाची) म्हणत असतील, तर आजारी कापड गिरण्यांचा १९७४ चा राष्ट्रीयीकरण कायदा उघडा. लोक कायदा म्हटलं की पुढे सरकतात, पण त्याच्या परिशिष्टात गिरणीचं नाव, मूळ मालक कंपनीचं नाव आणि सरकारने दिलेली रक्कम असा तक्ता आहे, एकूण १०३ गिरण्यांचा. तेव्हाचं नाव काय, मालक कोण होता, हे एका ओळीत मिळतं आणि ते सरकारी कागदावरचं असल्यामुळे कुणी वाद घालत नाही.

छापील साधनांत सगळ्यात आधी जुनं गॅझेटिअर. मुंबई इलाख्याचे जेम्स कॅम्पबेलचे खंड, खानदेशचा १८८० चा, सोलापूर आणि अहमदनगरचे १८८४ चे, सातारचा १८८५ चा, कोल्हापूरचा १८८६ चा, राज्याच्या गॅझेटिअर विभागाच्या साइटवर वाचायला मिळतात. नुसतं कापूस, व्यापार हे प्रकरण वाचून थांबू नका, शेवटी गावांची वर्णनं अकारविल्हे असतात, तिथे आपल्या गावाखाली गिरणी किंवा प्रेस आहे का बघा. आणि नसेल तरी ती माहितीच आहे, १८८४ च्या खंडात तुमच्या गिरणीचा पत्ता नाही म्हणजे ती बहुधा त्यानंतरची. मुंबईच्या मिलमालक संघाच्या वार्षिक अहवालात गावोगावच्या गिरण्यांच्या चात्या, साचे आणि कामगारांचे आकडे असायचे. दोन-तीन वेगवेगळ्या वर्षांचे अहवाल शेजारी ठेवले की चात्या एकदम वाढलेल्या वर्षी नवीन शेड झालं असणार हे दिसतं, मग परत इमारतीत जाऊन त्या शेडच्या विटा, गर्डर बघा. असं कागदातून इमारतीत आणि इमारतीतून कागदात ये-जा करावी लागते, एका खेपेत काही होत नाही.

रेल्वे विसरू नका. १८५३ ला ठाण्यापर्यंत आलेली जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, सोलापूरला १८६० ला आणि नागपूरला १८६७ ला पोचली, बार्शी लाइट रेल्वे १८९७ ची. स्टेशनच्या अंगाला असलेली गिरणी सहसा रूळ आल्यावरच येते, आणि मधे गवतात बुजलेला साईडिंगचा, म्हणजे मुख्य मार्गावरून गिरणीत नेलेल्या फाट्याचा, रूळ सापडला तर तोही नकाशात मांडा. जुने टोपोशीट म्हणजे सर्वेक्षण खात्याचे नकाशे, गूगल अर्थची जुनी चित्रं, वर्तमानपत्रांच्या फायली, हे सगळं वेळ मिळेल तसं. वर्तमानपत्रात तारीख माहीत नसताना शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई, आधी कागदातून वर्ष आणा मग त्या महिन्याची फाईल मागा, संप, आग, उद्घाटन असलं काही असेल तर सापडतं.

माहिती अधिकाराचा अर्ज करताना "गिरणीचा संपूर्ण इतिहास द्यावा" असं लिहाल तर "माहिती उपलब्ध नाही" हेच उत्तर येणार. कुठलं रजिस्टर, कुठल्या नंबरचं, कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत, एवढं नेमकं लिहा, उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. मला एका ऑफिसात तीनदा "रेकॉर्ड जीर्ण आहे" म्हणून परत पाठवलं, चौथ्यांदा रजिस्टरचं नाव आणि वर्ष घालून अर्ज दिला, तेव्हा तेच रजिस्टर टेबलावर आलं.

लिहायला बसताना गोष्ट लिहू नका लगेच, आधी एक साधा तक्ता करा. डावीकडे वर्ष, मधे काय झालं, उजवीकडे हे कशावरून. उजवा रकाना रिकामा असेल ती ओळ गोष्टीत घ्यायची नाही, फार तर "असं सांगतात" म्हणून वेगळी ठेवायची. ज्यांनी सांगितलं त्यांची नावं त्यांना विचारूनच घाला, संपाच्या काळातल्या गोष्टी असतात, अजून दुखतात. आणि संप, टाळेबंदी, थकलेला पगार हे टाळून नुसतं मालकाचं कौतुक लिहिलंत तर ते कुणी कामगार वाचणार नाही, बरोबरच आहे त्यांचं.

मोठ्या अक्षरात प्रिंट काढा, ओळींमधे भरपूर जागा सोडा, आणि ज्यांनी भोंग्याचं सांगितलं त्यांच्याकडे परत जा. वाचून दाखवा. पेन त्यांच्या हातात द्या. माझ्या त्या भोंगेवाल्या आजोबांनी पहिल्याच पानावर हौद खोडून दोन बोटं डावीकडे सरकवला.